बेन म्हणणारी आई

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कोणी दिलेलं नाही, मीच घेतलं. लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्याहून परतताना रिक्षात मी सुरू झालो होतो. वडील खानदेशातून सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला कसे आले, पहिल्या दिवशी कारखान्याच्या आवाजाने त्यांचं डोकं कसं उठलं, तापीचं पाणी तोंडात घेऊन आई काय म्हणाली. यातलं बरंचसं माझ्या जन्माआधीचं आहे, तरी मी कोपऱ्यात उभा राहून पाहिल्यासारखं सांगतो. बायको म्हणते, तुमची गोष्ट सुरू झाली की पाहुणे चपला शोधायला लागतात. हे तितकंसं खरं नाही. काही जण आधीच शोधून ठेवतात.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात मुलगी समोर येऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, माझ्यासाठी एक गोष्ट लिहाल?" तेव्हा मी आधी चष्मा पुसला. जिने आजवर माझी एकही गोष्ट शेवटपर्यंत ऐकली नव्हती ती स्वतः मागत होती. फुकटात मराठी लिहिणारा दुसरा कोणी तिला सापडला नव्हता, हे मला नंतर कळलं.

मुलगी साड्यांच्या प्रिंटची डिझायनर. कापड मार्केटजवळ एका स्टुडिओत कामाला होती. काम म्हणजे एकच फूल आज गुलाबी, उद्या पोपटी, परवा राखाडी. ते फूल तिच्या स्वप्नात यायला लागलं तेव्हा तिने शेठला सांगितलं की मला काही महिने माझं काम करायचंय. शेठ माणूस चांगला. म्हणाला, दिवाळीपर्यंत तुझी खुर्ची ठेवतो. आमच्या इथे दिवाळीत मार्केट बंद होतं ते लाभपाचमला, कार्तिकातल्या पंचमीला, मुहूर्त करून उघडतं. लाभपाचमला येऊन बसलीस तर खुर्ची तुझी, नाहीतर मी दुसरं कोणी बसवीन, असं शेठचं म्हणणं.

तिचं काम म्हणजे एक गेम. मला वाटलं, बंदुका असतील. पण याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. मोबाइलवर एक चित्र येतं, म्हणजे एखादी खोली किंवा गल्ली किंवा माणसाचा चेहरा, आणि खाली चौकटीत त्या माणसाचं बोलणं. बोट लावलं की पुढचं वाक्य. मध्येच दोन पर्याय येतात, आपण एक निवडायचा, आणि गोष्ट त्या वाटेने जाते. चित्रं मुलीची, प्रोग्रामिंग कामरेजच्या तिच्या एका मैत्रिणीचं, आणि चौकटीतलं बोलणं माझं.

पुण्यातली एक कंपनी असे गेम निवडते आणि ज्यांचा निवडते त्यांना तो पुरा करेपर्यंत पैसे देऊन सांभाळते. त्यांना दिवाळीआधी पहिला भाग पाठवायचा होता. निवडला तर मुलगी गेम करणार, नाही निवडला तर परत ते फूल. घरात या गोष्टीवर कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. बायको नातेवाइकांना सांगायची, "ती सध्या रजेवर आहे."

गोष्ट मुलीने रचलेली होती. एका बाईला अपघात होतो, डोक्याला मार लागतो आणि मागचं सगळं पुसलं जातं. सुरतेच्या गोडादऱ्यासारख्या एका वस्तीत ती एका खोलीत राहते. डॉक्टरांनी शेजारपाजाऱ्यांना बजावलंय की तिला एकदम काही सांगू नका, आपोआप आठवू द्या. रोज एक बाई तिला डबा आणून देते. ही बाई कोण, हे खेळणाऱ्याने शोधायचं. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी कळतं की ती तिची आई आहे. अपघाताआधी मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालेलं, बोलणं बंद होतं. त्यामुळे आईला भीती, की पोरीला आठवलं तर ती दारच लावून घेईल. म्हणून ती ओळख देत नाही, नुसता डबा देते.

मला गोष्ट फार आवडली. मी बँकेत जाण्याआधी लिहायचो, बँकेतून आल्यावर लिहायचो, आणि मधल्या वेळात जे केलं ते बँकेच्या माणसांना सांगण्यासारखं नाही.

पहिला मसुदा झाला तेव्हा मुलगी म्हणाली, "आता फुईला खेळवू." फुई म्हणजे आत्या, माझी थोरली बहीण. गोडादऱ्यात राहते, घरात अहिराणीच बोलते. गेम कशाशी खातात हे तिला माहीत नाही, पण सिरियलमध्ये खून होण्याच्या आधी तिला खुनी ठाऊक असतो. ती फसली तर कोणीही फसेल, असा आमचा हिशोब.

ताई रविवारी आली. मुलीने तिच्या हातात मोबाइल दिला आणि कुठे बोट लावायचं ते दाखवलं. पडद्यावर खोली आली. (खोलीच्या भिंतीवरचा गिलावा इतका जुळवून काढला होता की दर वितीवर तोच पोपडा येत होता. साडीच्या डिझाइनचा हात. तो नंतर सुधारला.) दारावर टकटक झाली. डबेवाली बाई दारात आली आणि मी लिहिलेलं पहिलं वाक्य बोलली, "बाय, उठली का? भाकरी गरम आहे तोवर खाऊन घे."

"हाई तिनी माय शे," ताई म्हणाली.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"फुई, अजून गोष्ट सुरू पण नाही झाली."

"मंग? परकी बाई 'डबा ठेवा शे' म्हनी नि चालनी जाई. 'बाय, खाई ले' हाई मायच म्हनस. पुढे दाखाड."

पुढे औषधाचं दुकान होतं. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "वहिनी, तुमच्या गोळ्या काढून ठेवल्यात."

"हाऊ देर," ताई म्हणाली. "म्हंजे इनं लगीन व्हयेल शे. मंग नवरा कोठे गया?"

बाईचं लग्न झालेलं आहे हे आम्ही तिसऱ्या भागासाठी राखून ठेवलं होतं. चहा उकळायच्या आत ताईने तेही काढलं. शिवाय शेवटी मला म्हणाली, "तू लिखं ना हाई? मी वळखं. तुनी गोष्टमा सुरुवातलेच सगळं सांगी देस तू."

ताई गेल्यावर मुलीने लॅपटॉप उघडून सगळी वाक्यं परत वाचली. मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही सगळ्यांच्या तोंडी नाती घातलीत."

घातली नव्हती, ती आपोआप आली होती. आमच्यात नावाने कोण कोणाला हाक मारतं? वहिनी, मामी, बाय, नाना, जावईबापू. लग्नाच्या मांडवात एखादा परका माणूस थोडा वेळ कान देऊन उभा राहिला तर त्याला आमची वंशावळ काढून देता येईल. आणि आमची ही बिचारी बाई, जिला कोणी आठवत नाही, तिच्याशी जो तो आपलं नातं सांगतच बोलत होता. तिला कोडं पडणार कसं?

"मग नाती काढून टाकू," मी म्हणालो.

काढून पाहिली. आई नुसतं म्हणायला लागली, "उठलीस? भाकरी गरम आहे." हे ऐकताना असं वाटायचं की आई रुसली आहे किंवा तिच्या दाढेत दुखतंय. आमच्याकडे हाक न मारता बोलणं म्हणजे राग. मुलीने वाचून मान हलवली.

मग मी ठरवलं की हे आधी स्वतःला जमायला पाहिजे. परक्यासारखं बोलून पाहायचं. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि बायकोला म्हणालो, "बेन, चहा मिळेल?"

बायकोने मागे वळून पाहिलं नाही. दूध उतू जाईल म्हणून असेल. "कोणाला विचारताय?"

"तुम्हालाच, बेन."

"अहोजाहो पण आलं. परवाची भाजी तुम्हाला बाधली का हो?"

"गेमसाठी करतोय."

"गेमसाठी मी तुमची बेन? बँकेत दिवसभर येईल जाईल तिला बेन म्हणता ते पुरत नाही का? भाजीवाली बेन, दवाखान्यातली बेन, रिक्षात शेजारी बसेल ती बेन. या गावात बेन म्हणजे कोणीही. घरात तरी माणसाला कळू द्या की आपण कोण."

मुलगी ओट्यापाशी उभी राहून टोस्ट खात होती. तिने टोस्ट खाली ठेवला.

"मम्मी, परत म्हण."

"काय?"

"बेन म्हणजे कोणीही."

झालं. ती तशीच आत गेली आणि तिने आईच्या सगळ्या वाक्यांत 'बाय' खोडून 'बेन' घातलं. बेन म्हणजे बहीणच, पण सुरतेत कोणीही कोणाला बेन म्हणतं, त्यात राग नाही, लोभ नाही, नातं नाही, आणि उद्धटपणाही नाही. आई बेन म्हणाली तर ती फक्त डबेवाली होते. मेडिकलमधला दीरही बेन म्हणेल. सगळं गाव त्या एका शब्दामागे उभं राहील. मला हे सुचायला हवं होतं, कारण माझा सगळा जन्म याच गावात भाई होण्यात गेला आहे. पण मला चहाच मिळाला, तोही उशिरा.

शब्द मिळाला तरी लिहिणं सोपं नव्हतं. मी 'बेन' लिहायचो आणि पुढच्या वाक्यात आई घुसायची. "बेन, आज डबा ठेवून जाते, ओल्या केसांनी बसू नका." मुलगी म्हणायची, "ओले केस काढा." "बेन, काल डबा तसाच परत आला, बरं नाही का?" हे चाललं. "बेन, अशाने कसं होणार हो तुमचं?" हे नाही चाललं. मी आईला जरा बोलू द्यायचो आणि मुलगी तिचं तोंड मिटायची. ऑगस्टभर आमच्या घरात हाच उद्योग होता. मला त्या बाईची दया यायला लागली. रोज जिना चढायचा, दार वाजवायचं, आपल्याच पोरीला बेन म्हणायचं, आणि उतरायचं.

पण मग कोडं सुटणार कसं? खेळणाऱ्याला काहीतरी धागा हवा. मी म्हणालो, एखादं अंगाईगीत घालू. मुलगी म्हणाली, "पप्पा, प्लीज."

धागा तिने बोलण्यात नाही, चित्रात घातला. डबा उघडल्याचं चित्र तीनदा येतं. तिन्ही वेळा भाजी वेगळी, पण भाकरीचा वरचा पापुद्रा अलगद काढून वेगळा ठेवलेला. बस. त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. मी तर तो पापुद्रा पाहिलाच नव्हता. बायको मागून जाताना थांबली आणि मुलीच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली. मुलगी लहानपणापासून भाकरीचा पापुद्राच आधी खाते, आणि तिच्या ताटात तो आजही वेगळा काढलेला असतो. रोज त्याच ताटांशेजारी जेवूनही हे मला माहीत नव्हतं.

"माझ्या बांगड्या अशा नाहीत," बायको म्हणाली.

"तू नाहीयेस ती."

"हात माझाच आहे. बांगड्या बदल."

मुलीने बांगड्या बदलल्या.

शेवटच्या दृश्यासाठी मी जीव ओतला. त्या दिवशी बाई डबा हातात धरून बसते, पापुद्रा बघते, आणि पडद्यावर दोन पर्याय येतात. 'डबा परत द्या', किंवा 'तुम्ही कोण, असं विचारा'. विचारलं की आई बोलते. मी तिला दीड पान बोलायला दिलं होतं. त्यात पश्चात्ताप होता, जुनी घरं होती, एका ठिकाणी चलथाणच्या साखर कारखान्यामागच्या उसाच्या शेतात हरवलेली चप्पल होती. मला स्वतःला वाचताना भरून यायचं. मुलीने ते शांतपणे वाचलं, "छान आहे" म्हणाली, आणि सगळं काढून एकच शब्द ठेवला.

"बाय."

"एवढंच?" मी म्हणालो.

"इतके दिवस ती म्हणाली नाहीये, पप्पा."

मी बाहेर जाऊन थोडा वेळ झाडांना पाणी घातलं. बायकोने सकाळीच घातलेलं होतं.

नवरात्र संपल्यावर आम्ही तिघं ताईकडे गेलो, तिच्याच घरी. दुपारची वेळ होती, बाजूच्या घरांतल्या लूमचा खडखडाट चालू होता. त्या आवाजात तिथे कोणाला काही वाटत नाही, पाहुण्यालाच आपण ओरडतोय हे उशिरा कळतं. ताई पलंगावर मांडी घालून बसली, चष्मा लावला आणि मोबाइल हातात घेतला. मुलगी खाली जमिनीवर तिच्या पायाशी बसली. तिचा चेहरा मला दिसत होता. एवढी गप्प ती दहावीच्या निकालालाही नव्हती.

डबेवाली आली. "बेन, डबा ठेवते."

"हाई कोन?" ताई म्हणाली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसाचा डबा आला. "गुजराती दिसस. खानावळवाली व्हई." तिसऱ्या दिवशी तिला संशय आला. "पैसा मांगत नही, काही नही, नि रोज डबा लयस? इन्हा काहीतरी मतलब शे. इन्ही खोलीवर डोळा व्हई." मग ती बराच वेळ त्या आईला घालूनपाडून बोलत राहिली. आधी पर्याय आला तेव्हा 'दार उघडू नका' हाच तिने निवडला. मेडिकलवाल्या दिराला तर ती संशयही न घेता ओलांडून गेली. मला मनातून गुदगुल्या होत होत्या, आणि आपण त्या माउलीवर हा आळ आणला याचं वाईटही वाटत होतं.

शेवटचा डबा उघडला. ताईने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. पापुद्रा दिसला असावा, कारण ती बोलायची थांबली. दोन पर्याय आले. तिचं बोट पडद्यापाशी आलं आणि तसंच राहिलं.

"दाब ना फुई," मुलगी हळू म्हणाली.

"थांब वं."

बराच वेळ ती थांबली. लूम चालू होते. मग तिने 'तुम्ही कोण' वर बोट लावलं, आणि चौकटीत तो एक शब्द आला.

ताईने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. चष्मा काढला. बायको उठून आत गॅसकडे गेली, तिथे काही ठेवलेलं नव्हतं. थोड्या वेळाने ताईने मोबाइल परत सुलटा केला आणि बोट लावलं. काही होईना. परत लावलं.

"मंग पुढे काय व्हयनं? पोरनी दार लावं का?"

"पुढचं अजून केलं नाहीये," मुलगी म्हणाली.

"नही कयं?" ताईचा आवाज चढला. "मी तिले चोर म्हनी बसनू, नि आते म्हनतस पुढे नही? कव्हळ करशी?"

मुलगी हसली आणि रडलीही, कशाचा क्रम काय होता ते मला नीट दिसलं नाही. परतताना गाडीत ती मागे बसून एकच म्हणाली, "फुईने दहा मिनिटं तरी विचार केला ना हो?" दहा नसतील. पण मी हो म्हणालो. माझ्याकडून यापेक्षा मोठी वाढवून सांगितलेली गोष्ट तिने ऐकलेली आहे.

पहिला भाग पुण्याला गेला. उत्तर धनतेरसच्या संध्याकाळी आलं. मुलीने ते आम्हाला वाचून दाखवलं, बातम्या वाचतात तसं. चित्रं आवडली, गोष्टही आवडली, पण यंदा त्यांनी दुसरे गेम निवडले. मराठीला खेळणारे कमी. हाच गेम पूर्ण इंग्रजीत करून पाठवलात तर पुढच्या वर्षी नक्की पाहू.

बायको म्हणाली, "मग इंग्रजीत कर. तुला येतं की."

"येतं. पण इंग्रजीत ती रोज डबा घेऊन आली आणि गुड मॉर्निंग म्हणाली, तर तिने कोणती हाक गिळली हे कोणाला कळणार?" मुलगी म्हणाली. नंतर मोबाइल ठेवून तिने पणत्यांच्या वाती करायला घेतल्या. दिवाळीत ती नेहमीसारखीच होती. फराळ, रांगोळी, पाहुणे. पण लॅपटॉप तिने कपाटात ठेवला होता. मी कपाट दोनदा उघडून पाहिलं. बायकोने तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मला पकडलं, किंवा मी तिला.

भाऊबीजेला ताई आली. ओवाळून झालं, आणि ताट खाली ठेवायच्या आधी तिने मुलीला विचारलं, "दार लावं का नही तिनी?"

"फुई, ते लोक नाही म्हणाले."

"कोन लोक?"

"पुण्याचे. गेम नाही घेतला त्यांनी."

ताईला हे समजेना. "त्यास्ले नको व्हई. मी इचारस. पोरनी दार लावं का?"

मुलीने ताट तिच्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "मलाच अजून माहीत नाही."

"मंग कर ना पुरं."

लाभपाचमला सकाळी मुलीने नवा ड्रेस घातला. मी तिला स्कूटरवर मार्केटला सोडायला निघालो. वाटेत मी एक गोष्ट सुरू करून अर्ध्यात सोडली, माझ्या मानाने हा मोठा त्याग. स्टुडिओत पूजा झालेली होती, कॉम्प्युटरला कुंकू लावलेलं, शेठ पेढे वाटत होता. तिची खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, ती जाऊन बसेल. ती शेठसमोर उभी राहिली आणि हिंदीत म्हणाली की मी येते, पण रोज दुपारनंतर. सकाळ माझी.

शेठने पेढ्याचा बॉक्स बाजूला ठेवला. "आधा दिन में आधा काम होगा."

"फूल पूरे होंगे, सेठ. दिन आधा होगा."

शेठने माझ्याकडे पाहिलं, जणू घरचा मोठा माणूस काही बोलेल. मी बोलण्यासाठी तोंड उघडलंही होतं. मुलीने माझ्या हातात पेढा दिला.

शेठने खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, सीझन में पूरा दिन आना पड़ेगा. ती म्हणाली, सीझन में आऊँगी. ती जाऊन बसली, कॉम्प्युटर चालू केला, आणि पडद्यावर तेच फूल आलं. मी बँकेत उशिरा पोचलो.

आता सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप असतो. दुसरा भाग सुरू झालाय. दारात आई उभी आहे, तिने 'बाय' म्हटलंय, आणि पोरीने आता काहीतरी म्हणायचंय. त्यावर मी आठ दिवसांत बरंच लिहिलं आणि मुलीने बरंच काढलं. काल तिने माझी दोन वाक्यं ठेवली. दार लागणार की नाही, हे अजून आम्हा दोघांनाही कळलेलं नाही, आणि ताई दर रविवारी फोन करून विचारते.